शहाणा म्हणायचं नाही

४ फेब्रुवारी

आमच्या कुत्र्याने, मुकादमाने, आज वहिनीचा हात फोडला. मनगटाच्या जरा वर. टाके पडले.

घरात जो तमाशा झाला तो लिहिण्यासारखा नाही, पण लिहिते. वहिनी नेहमीसारखी साखरेची सुई भरून त्याच्यापाशी बसली, नेहमीसारखी लाडात आली, आणि त्याने न गुरगुरता, न दात दाखवता, सरळ हातच धरला. वहिनीने सुई फेकली ती पडद्यात जाऊन अडकली. दादा टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून धावत आला आणि रक्त बघून खुर्चीत बसला. बायकोचा हात धरायचा सोडून स्वतःचं डोकं धरून बसला! पुतणी किंचाळत होती. तिला एरवी झुरळही पुरतं, इथे तर खरोखरचं कारण मिळालं. शेवटी मीच वहिनीचा हात नळाखाली धरला, फडकं बांधलं, दादाला पँट घालायला लावली आणि दोघांना दवाखान्यात पिटाळलं. आभार कोणी मानले नाहीत. मानतील असं वाटलंही नव्हतं.

मुकादम टेबलाखाली थरथरत होता. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

५ फेब्रुवारी

वहिनी रजेवर. हात गळ्यात अडकवून सोफ्यावर बसली आहे, लढाई जिंकून आल्यासारखी. येईल त्याला पट्टी सोडून दाखवते. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा नवऱ्याला दाखवायला घेऊन आली!

७ फेब्रुवारी

आज जेवताना प्रत्येकाने आपापलं मत मांडलं. या घरात डोकं चालवायची वेळ आली की सगळ्यांची तोंडं चालतात.

दादाचं मत — कुत्रा माजलाय. दादाच्या हाताखाली ऑफिसात चार माणसं आहेत, ती सगळी माजलेली आहेत, तेव्हा कुत्राही माजलेलाच असणार. पुतणी आठवीत आहे, तिच्या मते मुकादमाला नैराश्य आलंय. तिला स्वतःला दर गुरुवारी येतं, गुरुवारी गणिताचा तास असतो. वहिनीचं म्हणणं, 'इतकं केलं मी त्याचं, पोटच्या पोरासारखं, आणि शेवटी मलाच!' हे वाक्य ती आता वर्षभर वापरेल.

वस्तुस्थिती अशी — मुकादम दहा वर्षांचा आहे. नाव मी ठेवलेलं. पिल्लू होता तेव्हा दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची तपासणी करायचा, कोणी उशिरा आलं की झापायचा. दीड वर्षापूर्वी त्याला साखर निघाली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की मानेमागे सुई. साखरेने डोळ्यांत मोतीबिंदू झाले, आणि या थंडीत दोन्ही डोळे पूर्ण गेले. आता तो भिंतीला खांदा घासत चालतो. खुर्ची जागची हलली की आपटतो. आणि दादा रोज खुर्ची हलवतो! सांगून झालं, ओरडून झालं. 'अगं, लक्षात नाही राहत.' ऑफिसात कोण कितीला आलं ते मात्र बरोबर लक्षात राहतं.

आंधळ्या, आजारी जनावराला माजलेला म्हणतात. धन्य आहे.

८ फेब्रुवारी

सुईचं काम दादाने हाती घेतलं. 'जरा कडक माणूस पाहिजे,' म्हणाला. मोटारसायकलचे हातमोजे चढवले, वर हेल्मेट घालायचंच बाकी. वहिनी सोफ्यावरून सूचना देत होती — 'अहो, आधी शहाणा म्हणा! शहाणा म्हटल्याशिवाय तो घेत नाही.'

वहिनी बालवर्गात शिकवते. दिवसभर तिथे जो हात वर करतो तो शहाणा, जो खाली करतो तो शहाणा, नाक पुसलं तो तर महाशहाणा. तीच भाषा घरी येते. नळ बंद झाला तर ती नळालाही शहाणा म्हणेल.

तर दादाने घसा खाकरला आणि हाताखालच्या माणसाला मेमो द्यावा अशा आवाजात म्हणाला, 'शहाणा आहेस ना तू? शहाणा?' मुकादमाने हातमोजाच तोंडात धरला आणि सोडेना. दादा हातमोज्यातून हात काढून पळाला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुत्र्यापासून, पलंगावर चढला!

मग मी दिली सुई. एक अक्षर न बोलता. कातडी चिमटीत धरली, टोचली, काढली, उठले. काही झालं नाही.

'तुझं ऐकतो तो,' दादा पलंगावरून म्हणाला.

ऐकायला मी काही बोलले तर पाहिजे ना!

१० फेब्रुवारी

दोन्ही वेळची सुई माझ्याकडे आली. मागितली नव्हती. या घरात जे कोणालाच नको ते माझ्याकडे येतं — गच्चीकडची खोली, फुटक्या कानाचा कप, आणि आता हे.

दुकानात एक गृहस्थ कोट घेऊन आले. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला माझं मशीन आहे, सैल करणं, घट्ट करणं, उंची कमी करणं, चेन बदलणं. गृहस्थ म्हणाले, 'तुमच्या धुण्याने कोट आटला.' मी कोट उलटा केला. शिवणीच्या आत सैल करायला म्हणून माया ठेवतात ती दोन्ही बाजूंची केव्हाच संपलेली. म्हणजे आधी तीन ठिकाणी फिरून आलेत! 'कोट आहे तेवढाच आहे,' म्हटलं. मालक काउंटरवरून डोळे वटारत होते. वटारा. माणसं फुगतात आणि बोल कपड्याला.

१५ फेब्रुवारी

आज कुत्र्यांचे मास्तर आले. वहिनीने फोनवर शोधून काढले. गळ्यात शिट्टी, कमरेला बिस्किटांची पिशवी, बुटांना चकाकी.

'त्याला साखर आहे,' मी म्हटलं, 'बिस्किटं नकोत.'

'ताई, बक्षिसाशिवाय शिक्षण नाही,' मास्तर म्हणाले. जणू भिंतीवर लिहायचं वाक्य.

मग त्यांनी सगळ्यांना ओळीत बसवलं आणि विचारलं, 'या घरात पुढारी कोण?' दादाने हात वर केला. वहिनीनेही केला, टाक्यांचा! दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांनी मान हलवली, 'हाच तुमचा प्रॉब्लेम आहे. कुत्र्याला कळतच नाही साहेब कोण.' वीस वर्षं त्या दोघांना कळलेलं नाही, कुत्र्याला काय कळणार?

उपाय असे — पुढाऱ्याने आधी जेवायचं, दारातून आधी पुढाऱ्याने जायचं, कुत्र्याच्या नजरेला नजर द्यायची. आंधळा आहे तो, असं मी सांगितलं. 'तरीपण द्यायची,' म्हणाले.

मग प्रात्यक्षिक. मास्तर म्हणाले, 'बस.' मुकादम बसला. पहिल्यापासून बसतो, त्यात काय! मास्तर खूश होऊन वाकले, 'अरे वा, शहाणा मुलगा!' आणि मुकादमाने त्यांची पँट गुडघ्यापासून खालपर्यंत फाडली. पायाला लागलं नाही, नशीब. मास्तर खुर्चीवर उभे राहून म्हणाले, 'ही केस हाताबाहेर गेलेली आहे.'

पँट मीच शिवून दिली. सरळ टीप मारली, रफू केलं नाही. रफू आपल्या माणसाचं करावं.

१६ फेब्रुवारी

सकाळपासून दादा प्रत्येक दारातून आधी जातोय. वहिनीही. मधल्या दारात दोघं खांद्याला खांदा लागून अडकले.

१८ फेब्रुवारी

मुसकं शिवलं. बाजारातलं त्याच्या नाकाला काचत होतं. कॅनव्हासचं केलं, आतून मऊ फ्लॅनेल, मानेमागे बक्कल. खाणं-पिणं सोडून दिवसभर घालायचं ठरलं. मुकादम सकाळी दोन पंजे नाकावर घेऊन बसला होता, काढायचा प्रयत्न करत. मग सोडून दिलं आणि दाराशी जाऊन झोपला. फार वाईट वाटलं मला. बाकीच्यांना हायसं वाटलं. पुतणी म्हणाली, 'आत्या, किती क्यूट दिसतोय!' हिला उद्या कोणी तोंड बांधून बसवलं तर किती क्यूट दिसेल!

२२ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही.

जेवणं चालू होती. मुकादमाचं मुसकं काढलेलं, तोही टेबलापाशी खात होता. पुतणीच्या चाचणीचे मार्क निघाले. दादा बोलत सुटला, आमच्या वेळी, आमच्या वेळी. पुतणी म्हणाली, 'बाबा, तुमच्या वेळी तुम्ही गणितात नापास झाला होतात, आजीने सांगितलंय मला.' दादाने टेबलावर थाप मारली, 'फार शहाणी झालीस तू!'

आणि मुकादमाने जवळ होता तो पाय धरला. पुतणीची पोटरी.

या वेळी ती किंचाळली नाही. तोंड उघडं, आवाजच नाही. तेव्हा मी घाबरले. मी त्याच्या जबड्यात हात घालून सोडवलं, तर त्याने लगेच सोडलं, आणि माझ्या हाताचा वास घेऊन मागे सरला.

पोरीला चार टाके. येताना माझ्या मांडीवर डोकं ठेवून गप्प पडली होती. तिला वाट्टेल ते बोलते मी इथे. पण आज घरी येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.

२३ फेब्रुवारी

ठरलं. शनिवारी त्याला नेऊन कायमचं झोपवणार. डॉक्टरीणबाईंशी दादाचं फोनवर बोलणं झालं.

'सुटका होईल त्याची,' वहिनी डोळे पुसत म्हणाली.

'कोणाची?' मी विचारलं.

'वन्सं, तुम्हाला काय! तुम्हाला मूल नाही, म्हणून असं बोलवतं.'

बोलली. नेहमी वेळ आली की हेच काढते. मी ताट उचललं आणि खोलीत आले.

खरं सांगायचं तर तिचं चुकत नाही. पोरीला चावलेलं कुत्रं घरात कोण ठेवेल? मीही नसतं ठेवलं, दुसऱ्याचं असतं तर. पण मला तो हवा आहे. या घरात माझं असं तेवढंच आहे. तो गेला तर मी या घरात नुसती राहायला असेन.

२५ फेब्रुवारी

दादाशी बोलायला गेले. तो ऑफिसच्या आवाजात म्हणाला, 'निर्णय झालेला आहे.' आयुष्यात कधी भाजी कुठली आणायची याचा निर्णय घेता आला नाही या माणसाला!

मुसकं आता काढतच नाहीत. खायला मी काढते, समोर बसते, परत घालते. पुतणी लंगडत दारापर्यंत येते, लांबून 'मुकादम' म्हणते आणि रडत परत जाते.

२७ फेब्रुवारी

आज दुकानात एक गोष्ट घडली ती नीट लिहून ठेवते.

एक बाई लहान मुलाला घेऊन आली. शाळेची पँट कमरेत सैल. मी टाचण्या ओठांत धरून खाली बसले, तर मुलगा हलतोय, वळवळतोय. आई म्हणाली, 'शहाणा ना तू? मग सरळ उभा राहा बरं.' एवढंच! मुलाने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं आणि भोकाड पसरलं. आई ओशाळली. 'काल दाढ काढून आणली हो याची. तिथे त्या नर्सने शहाणा शहाणा करत तोंड उघडायला लावलं आणि... आता मी काही म्हटलं की असंच करतो.'

माझ्या ओठांतली टाचणी खाली पडली.

वहिनीचा हात — सुईच्या आधी काय म्हणाली असेल ते वेगळं सांगायला नको. दादाचा हातमोजा — शहाणा. मास्तरांची पँट — शहाणा मुलगा. आणि पोरीची पोटरी — फार शहाणी झालीस!

दीड वर्षं, दिवसातून दोनदा, आधी शहाणा आणि मग सुई. डोळे होते तोवर सुई येताना दिसायची तरी. आता दिसत नाही. कानावर एकच खूण येते. ती ऐकली की आता टोचणार! मग ती कोणी का म्हणेना, कोणाला का म्हणेना.

पँटची टीप वाकडी गेली. उसवून परत मारली.

२८ फेब्रुवारी

डोकं दुखतंय सांगून दुपारी लवकर निघाले. घरात कोणी नव्हतं. मुकादमाला मुसक्यासकट मधल्या खोलीत बसवलं, मी दाराशी, लांब. आणि वहिनीचा लाडिक आवाज काढला. कोणी ऐकलं असतं तर मला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं असतं. 'टेबल तो माझा, टेबल!' काही नाही. 'चादर गं माझी, चादर!' शेपूट हलली. 'गाढव आहेस ना तू? गाढव?' शेपूट हलली!

'शहाणा.'

मानेवरचे केस उभे. पाय ताठ. मुसक्याच्या आतून असा आवाज निघाला की मीच दाराबाहेर झाले. थोड्या वेळाने दादाच्या आवाजात म्हटलं — तेच. 'शहाणी' म्हटलं, 'शहाणपणा' म्हटलं — तेच. त्याला व्याकरण कळत नाही, शब्द कळतो.

मग जाऊन त्याच्याजवळ बसले. अंगाला हात लावला तर नुसता थरथरत होता. हा माज! हे नैराश्य! अरे, ज्या घरात शाबासकी देऊन मग टोचतात, तिथे आणखी काय होणार? मला इतका राग आला की त्या सोफ्यालाही लाथ मारावीशी वाटली.

संध्याकाळी सगळे जमल्यावर सांगितलं. वहिनी आधी हसली. मग चेहरा पडला. 'म्हणजे माझ्यामुळे झालं म्हणायचंय का तुम्हाला?' दादाला तर मी उभा दावा मांडलाय असं वाटलं. 'कुत्र्याला एवढी भाषा कळते होय? डॉक्टर मूर्ख, मास्तर मूर्ख, आम्ही मूर्ख, आणि तूच काय ती एकटी शहाणी!'

स्वयंपाकघरातून मुकादम जो उठला तो मुसक्यासकट दारावर येऊन धडकला.

दादाचा हात हवेतच राहिला. मग पुतणी हळूच म्हणाली, 'बाबा, परत म्हणा ना. वेगळा शब्द म्हणा.' दादा घाबरत घाबरत म्हणाला, 'तूच काय ती एकटी... हुशार.' मुकादमाने कान टवकारले आणि बसला.

वहिनी रडायला लागली. या वेळी आवाज न करता. मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. म्हणायला पुष्कळ होतं.

१ मार्च

शनिवार. गेलो, पण वेगळ्या कामाला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. त्याच्या मानेमागे बोटं फिरवली आणि एका जागी थांबल्या. गाठ! आतून सुजलेली. सगळ्या सुया त्याच एका जागी. 'तिथे त्याला सवय झालीये असं वाटलं,' वहिनी पुटपुटली. बाई म्हणाल्या, 'इथे आता हात लावला तरी ठणकत असणार. जागा बदला. पाठीवर, दोन्ही कुशींवर, रोज वेगळी. तो शब्द बंद. ज्याचा हात त्याला चालतो त्यानेच द्या.' सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

'पण हे बघा,' बाई दादाला म्हणाल्या, 'परत कोणाला दात लागला, तर त्या वेळी मी तुम्हाला थांबवणार नाही. साखर काही जाणार नाहीये त्याची. सुई मरेपर्यंत आहे.'

रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जड होतं. हलवलं नाही.

४ मार्च

घरात 'शहाणा' बंद झाल्यापासून दादाला बोलताच येत नाही. त्याचं निम्मं बोलणं त्या एका शब्दावर उभं होतं! फोनवर कोणाला तरी झापत होता — 'तू स्वतःला फार श... फार... मोठा समजतोस का?' मधेच अडखळल्यामुळे समोरच्याने फोन ठेवला.

वहिनीने नवीन शब्द काढलाय — 'गुणी'. मुकादम गुणी, पुतणी गुणी, कुकर गुणी. तिला म्हटलं, सुईच्या आसपास तोही म्हणू नका. 'नाही हो वन्सं, मी त्या वेळी खोलीतच येत नाही.' तेवढं तरी कळलं.

९ मार्च

मुसकं काढलं. आधी तासभर, मग दिवसभर. काही नाही. आज पुतणी जमिनीवर बसली, पाय लांब करून, डोळे गच्च मिटून. तो आला, पट्टीचा वास घेतला, चाटली आणि तिथेच लवंडला. ती हलली नाही. पायाला मुंग्या आल्या म्हणत होती, तरी हलली नाही. पोरगी बरी आहे तशी.

१३ मार्च

दादा खुर्ची जागेवर ठेवायला लागला. मी पाहिलं, त्याला कळलं नाही. उठला, दोन पावलं गेला, परत आला, खुर्ची आत सरकवली. पन्नाशी उलटल्यावर हे शिकला. आता म्हणे ऑफिसात सगळ्यांना सांगत असतो, 'आमच्या घरी आम्ही कुत्र्याची भाषा ओळखून काढली.' आम्ही!

१८ मार्च

ऊन वाढलंय. मी आत आले की मुकादम टेबलाखाली जातो. तिथे फरशी गार असते.

सुई मात्र मुकाट घेतो. मान फिरवून भिंतीकडे तोंड करतो, अंग लाकडासारखं धरतो, घेतो. गाठ बसत आली.

२३ मार्च

आज एक अजब दृश्य. वहिनी वर्गासाठी कागदाचे पक्षी कापत सोफ्यावर बसली होती आणि मुकादमाचं डोकं तिच्या मांडीवर. ज्या हाताला टाके पडले त्याच हाताने ती त्याचा कान कुरवाळत होती. मला बघून म्हणाली, 'आला हो माझ्याकडे. आपणहून आला.' डोळ्यांत पाणी. दर गोष्टीला पाणी काढते, पण आजचं खरं होतं असं म्हणायला हरकत नाही.

मी हात लांब केला तर तो तिच्या मागे सरकला. झोपेत होता.

२६ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. साखर ताब्यात, गाठ गेली, वजन वाढलं. 'छान,' म्हणाल्या. 'घरात कोणावर धावून जातो का आता?' दादा छाती काढून म्हणाला, 'छे! सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळतो.' मी पिशवीत त्याचे कागद भरत होते.

बाहेर दोघं मला म्हणाले, तूच वाचवलंस हो त्याला. अखेर आभार मानले! ऐकायला बरं वाटलं, हे कबूल करते. पण मानायला महिना लागला.

२ एप्रिल

दुकानातली वीज गेली, लवकर आले. सुईची वेळ नव्हती, हातात सुई नव्हती, भाजीची पिशवी होती. दारात चप्पल काढली. मुकादम वहिनीच्या पायाशी झोपला होता. तो उठला, माझ्याकडे तोंड केलं आणि गुरगुरला. मानेवरचे केस उभे. 'अरे, आत्या आहे ती!' वहिनी म्हणाली, 'ओळखलं नाहीस का?'

ओळखलं. म्हणूनच गुरगुरला. मी सुईआधी काही बोलत नाही, तेव्हा त्याने सुईची खूण म्हणून माझी चप्पल धरली, माझा वास धरला, मलाच धरलं. इतके दिवस फरशी गार असते म्हणून लिहीत होते मी! पिशवी खाली ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

बाहेर आल्यावर वहिनी हळू आवाजात म्हणाली, 'वन्सं, आता सुई पाळीपाळीने देऊ या ना.' मी नको म्हटलं. पाळीपाळीने दिली तर तो पाळीपाळीने सगळ्यांवर गुरगुरेल, आणि मग याला घरात कोणी ठेवणार नाही. एकटीवर गुरगुरणारा कुत्रा ठेवता येतो. सुई मीच देणार.